किचनचं लॉगिन

गजेंद्रने घरातल्या तिन्ही कॉम्प्युटरांचं बारसं स्वतःच केलं होतं. त्याच्या लॅपटॉपचं नाव ‘किंग’. हॉलमध्ये काचेच्या कपाटात ठेवलेलं, घरभराच्या फायली सांभाळणारं मोठं मशीन म्हणजे ‘दरबार’. आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या अरुंद खोलीत त्याची बायको ज्या जुन्या मशीनवर काम करायची, त्याचं नाव ‘किचन’. नाजिशने ही तीन नावं स्क्रीनवर एकाखाली एक वाचली आणि या माणसाबद्दलचं तिचं मत तिथल्या तिथे पक्कं झालं.

नाजिशचं नांदुऱ्यात स्टेशन रोडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच जागेत पूर्वी तिचे वडील रहेमतुल्ला रेडिओ दुरुस्त करत. वडिलांकडून तिने हाताचं कसब घेतलं, पण त्यांचा गोडवा काही तिच्यात उतरला नाही. ‘मले यातलं काहीच समजत नाई’ असं कबूल करणारी गिऱ्हाइकं तिला चालत. ‘मी कोर्स केलेला हाय’ म्हणणारा माणूस दारात दिसला, की तिच्या कपाळावर आठी चढे. अशा माणसाने मशीन तर बिघडवलेलं असतंच, वर ते कसं बिघडलं याबद्दल तो खोटंही बोलतो, असा तिचा अकरा वर्षांचा अनुभव होता.

गजेंद्रने कोर्स केलेला होता. अकोल्याला, सोळा वर्षांपूर्वी, सहा महिन्यांचा. त्यानंतर त्याने बी-बियाण्यांचं दुकान टाकलं, ते चांगलं चाललं, आणि सर्टिफिकेट फ्रेम करून कपाटातल्या दरबारच्या डोक्यावर टांगलं.

नाजिशला बोलावलं होतं ते मात्र त्याच्या आईने, विमलबाईंनी. “नाजिश, बाई, एकडाव येऊन जाय,” त्या फोनवर म्हणाल्या होत्या. “माह्या सुनेचं डोकं बिघडलं का त्या डब्याचं, एवढं पाहून सांग. तीन हप्ते झाले, घरात रोज तेच रडगाणं हाय.”

गजेंद्रने दारातच तिचा ताबा घेतला. “या मॅडम. तसं मले सगळं समजते, पण आईची हौस.” मग त्याने नाजिशला घरभर फिरवलं. हा राउटर, ही निळी वायर, ही इथून तिथे जाते. नेटवर्क म्हणजे काय, हेही त्याने तिला समजावून सांगितलं. मुंजीतल्या बटूला संध्या शिकवावी तसा त्याचा सूर होता. नाजिश ‘हं’ म्हणत राहिली. राउटर त्याने खिडकीत उन्हात ठेवला होता आणि तो तव्यासारखा तापला होता, हे तिने बघितलं. पण विचारल्याशिवाय अशा माणसाला शिकवायचं नाही, हा तिचा नियम होता.

“आता प्रॉब्लेम सांगतो,” गजेंद्र म्हणाला. “प्रॉब्लेम माणसाचा हाय, मशीनचा नाई.”

प्रॉब्लेम म्हणजे त्याची बायको दीपमाला. ती दारापाशी ओल्या हातांनी उभी होती. माहेर लोणार तालुक्यातल्या बीबीचं, मराठी घेऊन बी.ए. झालेली. गेल्या वर्षापासून नागपूरचे एक प्रकाशक तिच्याकडे शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासायला पाठवत होते. तिच्या मशीनची डिस्क कधीही जाईल असं गजेंद्रने सांगितल्यामुळे तिच्या सगळ्या फायली दरबारमध्ये होत्या. त्या उघडायच्या तर किचनवरून दरबारला आपलं नाव आणि पासवर्ड सांगावा लागे. तीनदा पासवर्ड चुकला, की दरबार ते खातं बंद करे. मग ॲडमिनने उघडल्याशिवाय ते उघडत नसे. ॲडमिन अर्थात गजेंद्र.

“सिक्युरिटी,” तो बोट वर करून म्हणाला.

सकाळचा स्वयंपाक, डबे, सासूबाईंची औषधं, सगळं आटोपून दीपमाला अकराला कॉम्प्युटरपुढे बसे. आणि रोज तिच्यापुढे एकच मजकूर येई: हे खातं बंद करण्यात आलेलं आहे. तोवर गजेंद्र दुकानात गेलेला असे. तो रात्री आठला येई, हातपाय धुई, जेवायला वाढायला सांगे, आणि मग सगळ्यांसमोर, देवळाचं दार उघडावं तसं तिचं खातं उघडून देई. दुसऱ्या दिवशी अकराला ते पुन्हा बंद.

“दुसऱ्याच्या चुका काढायचा धंदा हाय इचा,” गजेंद्र हसत म्हणाला, “आन् सोताचा पासवर्ड ध्यानात राहत नाई. दुकानात सांगतलं तं लोकं पोट धरून हासले.”

“मी चुकीचा टाकत नाही,” दीपमाला हळूच म्हणाली. “मी टाकायच्या आधीच ते बंद असतं.”

“आधीच! मंग काय भूत येऊन टाकून जाते काय बे?” तो म्हणाला. त्या ‘बे’वर विमलबाईंनीसुद्धा मान दुसरीकडे वळवली.

नाजिश कामाला लागली. वायरी पाहिल्या, घड्याळं पाहिली, दोन्ही मशीनांवरची नावं जुळवली. गजेंद्रने खातं उघडून दिलं. दीपमालाने पासवर्ड टाकला आणि फोल्डर लगेच उघडलं. सगळं ठीक. मग नाजिशची नजर स्क्रीनच्या कोपऱ्यात गेली. फोल्डर उघडल्यावर कीबोर्ड पुन्हा मराठीवर गेलेला होता. दिवसभर मराठी टाइप करणारी बाई. पासवर्ड टाकताना कीबोर्ड इंग्रजीवर आणायला विसरत असणार. अशी चूक नाजिशने शंभर घरांत पाहिली होती.

“हे पाहा ताई,” ती म्हणाली, “पासवर्ड टाकाच्या आधी इथं पाहत जा. मराठी असन तं तीनदा काय, तीनशेदा चुकन.”

गजेंद्रने मांडीवर थाप मारली. “म्हणलं नव्हतं म्या!”

“मी बघते रोज,” दीपमाला म्हणाली.

“हाव, सगळेच पाहतात,” नाजिश बॅग आवरत म्हणाली. प्रुफं तपासणाऱ्या बाईला स्क्रीनचा कोपरा दिसू नये, याची तिला मनातून कीवच आली. तो माणूस तिला आवडला नव्हता, पण बायकोबद्दल तो म्हणतो ते खरं निघालं, तर त्याला आपण काय करणार? ती घरी गेली आणि विसरली.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानात फोन आला. पलीकडून दीपमाला अगदी सावकाश बोलत होती, पाठ केलेलं म्हणावं तसं.

“नाजिशताई, काल रात्री ह्यांनी खातं उघडून दिलं. मी एकदा आत जाऊन बघितलं, बाहेर आले आणि मशीन बंद केलं. मग मशीनची विजेची वायर काढली आणि माझ्या उशीखाली ठेवली. सकाळी अकराला जोडली. खातं बंद होतं.”

नाजिशच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर थांबला.

“वायर उशीखालीच होती?”

“रात्रभर. सकाळी मी ती कमरेला खोचून स्वयंपाक केला.” थोडं थांबून ती म्हणाली, “मला खरंच वाटायला लागलं होतं हो, की आपल्याला काहीतरी होतंय. डॉक्टरला दाखवावं का, असं मनात यायचं. शनिवारी इतिहासाचं पुस्तक द्यायचंय. निम्मंपण झालं नाही.”

नाजिशने फोन ठेवला आणि स्वतःला उर्दूत दोन शब्द सुनावले. बंद पडलेलं मशीन चुकीचा पासवर्ड टाकत नाही. तो दुसऱ्या कुठल्यातरी मशीनवरून टाकला जात होता आणि घरात मशीनं तीनच होती. हे पहिल्याच दिवशी पाहायला हवं होतं. दरबारची रोजनिशी उघडायला दोन मिनिटं लागली असती. प्रत्येक मशीन आपली नोंदवही ठेवत असतं: कुठलं खातं कधी बंद झालं, कुठून ठोठावल्यामुळे झालं. ती आपण उघडलीच नाही. कारण समोर एक बाई ओल्या हातांनी उभी होती आणि एक पुरुष हसत होता, आणि उत्तर आपल्याला आधीच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम सव्वादहाला त्या घरी पोचली. गजेंद्र पँटमध्ये शर्ट खोचत होता.

“आज काऊन आल्या मॅडम?”

“माह्याकून एक काम राहून गेलं भाऊ. दरबारची नोंदवही पाहाची हाय. ॲडमिनबिगर ते उघडत नाई, म्हणून तुम्ही घरी असतानीच आली.”

गजेंद्रच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीच उमटलं नाही. नोंदवही नावाची चीज असते, हे त्याला माहीत नव्हतं, हे नाजिशने ताबडतोब ओळखलं. पण माहीत नाही म्हणायचं तर त्या फ्रेममधल्या सर्टिफिकेटखाली म्हणावं लागलं असतं.

“हाव, हाव, नोंदवही. पाहा ना. मी नेहमी पाहत असतो,” तो म्हणाला, आणि स्वतःच्या हाताने पासवर्ड टाकून त्याने तिला खुर्ची दिली.

विमलबाई पूजेची थाळी घेऊन चालल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. दीपमाला स्वयंपाकघराच्या दारात आली. आज तिचे हात कोरडे होते.

नाजिशने नोंदी काढल्या आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शाळेत हजेरी घेतात तशी, कुठेही जोर न देता.

“आज सकाळी दहा वाजून चार मिनिटं. दीपमाला नावाचं खातं बंद. तीनदा चुकीचा पासवर्ड. कुठून? किंग. काल सकाळी दहा वाजून नऊ मिनिटं. दीपमाला, बंद. कुठून? किंग. परवा दहा वाजून बारा. किंग. त्याच्या आदल्या दिवशी...”

“किंग म्हणजे कोन्तं?” विमलबाईंनी विचारलं.

 किंग सोफ्यावर चार्जिंगला लावलेला होता.

“चोवीस नोंदी हायेत,” नाजिश म्हणाली. “किचनची एकही नाई. या बाईनं तीन हप्त्यांत पासवर्ड एकदाही चुकवला नाई.”

“ते ऑटोमॅटिक असन,” गजेंद्र पटकन म्हणाला. “लॅपटॉपमधी इचा जुना पासवर्ड सेव्ह झालेला असन. आपोआप ठोकत असन.”

नाजिशने मान हलवली. हे असं होतं खरं; तिने स्वतः अशा केसेस सोडवल्या होत्या. ज्याला संशयाचा फायदा द्यायची तिची अजिबात इच्छा नव्हती, त्यालासुद्धा तो द्यायचा, एवढी शिस्त वडिलांनी तिला लावली होती.

“असू शकते. आणा लॅपटॉप.”

त्याला तो आणावाच लागला. तिने साठवलेले पासवर्ड उघडून दाखवले. त्याचा ईमेल होता, बँकेचा होता, क्रिकेटच्या कुठल्याशा साइटचा होता. दीपमालाचं नाव कुठेच नव्हतं.

“नाई भाऊ. आन् दुसरं, मशीन आपोआप ठोकते तं अक्कल नसल्यासारखं दिवसरात्र ठोकते. तुम्ही रात्री नऊले खातं उघडता. लॅपटॉप रात्रभर चालूच राहते. पण रात्री एक नोंद नाई, पहाटे एक नोंद नाई. रोज सकाळी दहा ते सव्वादहा. रविवार धरून. अंघोळीनंतर, दुकानात जायाच्या आधी. मशीनले तुमच्या अंघोळीचा टाइम कसा समजन?”

गजेंद्रच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. “मी चेक करत होतो. सिक्युरिटी टेस्ट असते ते. तुमाले नाई समजणार.”

“चोवीस दिवस?”

“ॲडमिनले करावं लागते.”

“आन् रोज रात्री बायकोले हासावं लागते, तेही ॲडमिनचंच काम काय?” नाजिशचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. “भाऊ, मी लय चोर पाह्यले. दुकानातून पेनड्राइव्ह उचलणारे पाह्यले, दुसऱ्याचं वायफाय चोरणारे पाह्यले. त्यायले कायतरी मिळत तरी होतं. तुम्ही रोज सकाळी उठून, तेल लावून, भांग पाडून, बायकोच्या नावानं तीनदा खोटा पासवर्ड टाकत होते. कायच्यासाठी? कोर्समधी शिकवलं होतं काय हे?”

“नाजिश!” विमलबाई म्हणाल्या. “मस्करी केली असन त्यानं. पोट्टं लहानपणापासून मस्करीखोर हाय. घरातली गोष्ट हाय, बाहेर नको नेऊ, बाई.” त्यांच्या हातातल्या थाळीत निरांजनाची वात तुपात बुडाली होती. मुलाकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

दीपमाला पुढे आली. ती ओरडेल, निदान रडेल, असं नाजिशला वाटलं होतं.

“मी डॉक्टरकडे जाणार होते,” ती नवऱ्याला म्हणाली. “तुम्हाला सांगितलं होतं मी. परवा रात्री. मला भीती वाटते म्हणून. तुम्ही म्हणालात, दाखवून घे.”

गजेंद्र राउटरकडे पाहत राहिला.

“का केलं?”

“घरात लक्ष हाय काय तुह्यं?” तो एकदम फुटला. “सकाळपासून त्या प्रुफांच्या मांगं. मांगच्या महिन्यात शाळेतला मास्तर दुकानात आला, तं मले विचारते, दीपमाला मॅडमचे मिस्टर तुम्हीच काय? पंधरा वर्षांचं दुकान हाय माह्यं. माह्या दुकानात मले कोनाचा मिस्टर म्हणून ओळखतात लोकं!”

एवढंच होतं. नाजिशला वाटलं होतं, काहीतरी मोठं निघेल. संशय, भांडण, जुना राग. एका मास्तरच्या एका वाक्यासाठी हा माणूस एका शहाण्या बाईला वेडं ठरवायला निघाला होता. त्याचा राग यावा एवढीसुद्धा त्याची उंची नव्हती.

दीपमालाने त्याचं ऐकून घेतलं आणि ती नाजिशकडे वळली. “ताई, माझ्या फायली माझ्या मशीनवर टाकून द्या.”

“त्याची डिस्क खराब हाय,” गजेंद्र सवयीने म्हणाला.

नाजिशने किचनची डिस्क तपासली. तपासणी पुरी व्हायला वीस मिनिटं लागली. गजेंद्र दुकानात गेला नाही. जावं की थांबावं हे न कळल्यासारखा तो सोफ्याच्या कडेवर टेकला होता.

“डिस्क ठणठणीत हाय,” ती शेवटी म्हणाली. “अर्ध्याच्या वर रिकामी. हेही सिक्युरिटीसाठीच सांगतलं होतं काय भाऊ?”

तिने सगळ्या फायली पेनड्राइव्हवर घेऊन किचनमध्ये टाकल्या, दीपमालाला एकेक उघडून दाखवल्या, आणि मशीनला नवा पासवर्ड लावायला सांगून स्वतः तोंड फिरवून उभी राहिली. दीपमालाने तो टाकला, पुन्हा टाकून पाहिला, मग खाली वाकली आणि दरबारकडे जाणारी निळी वायर मशीनच्या पाठीतून उपटून काढली. तिने ती नीट गुंडाळली, हॉलमध्ये आणली आणि नवऱ्याच्या शेजारी सोफ्यावर ठेवली.

“शनिवारपर्यंत माझी खोली आतून बंद राहील,” ती विमलबाईंना म्हणाली. “भाजी चिरून ठेवलीय.”

नाजिश निघाली तेव्हा दीपमाला तिला सोडायला फाटकापर्यंत आली. स्कूटीला किल्ली लावताना नाजिश अडखळली. माफी मागायची तिला फारशी सवय नव्हती.

“त्या दिवशी मी तुमचं ऐकाले पाह्यजे होतं. कीबोर्ड मराठीवर पाह्यला आन् मले वाटलं, झालं. तुमच्याच घरात बसून त्याच्याच बाजूनं बोलून गेली मी.”

“हो,” दीपमाला म्हणाली. “तुमचं बोलणं ह्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. हे कसे आहेत, मला ठाऊक होतं. तुम्हाला यातलं कळतं असं मला वाटलं होतं.”

 नाजिशने मान खाली घातली आणि स्कूटी चालू केली.

गजेंद्रने आठवडाभरात गावात सांगितलं, की रहेमतुल्लाच्या पोरीने त्याच्या घरातलं चांगलं चालतं नेटवर्क मोडून ठेवलं. दोन-तीन गिऱ्हाइकं कमी झाली, तीही कोर्स केलेलीच. कुणी विचारलंच, तर नाजिश एवढंच म्हणायची, “मोडलं ना. एक वायर काढली.” पुढचं ती सांगत नसे. ते ज्या बाईचं होतं, तिने सांगायचं की नाही ते ठरवावं.

इतिहासाचं पुस्तक शनिवारी गेलं नाही. सोमवारी गेलं. प्रकाशकांनी उशिराबद्दल दोन ओळी सुनावल्या आणि भूगोलाचं पाठवलं. हे दीपमालाने नाजिशला फोनवर सांगितलं, कारण मेमरी वाढवायला मशीन दुकानात कधी आणू, असं तिला विचारायचं होतं.

“उद्या आणा,” नाजिश म्हणाली. मग राहवलं नाही म्हणून तिने विचारलं, “घरी कसं हाय?”

“हे बोलत नाहीत माझ्याशी. दहा दिवस झाले.” पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला. “सासूबाई म्हणतात, तूच आधी बोल. बघू. सध्या तरी खोलीत इतकं शांत असतं, की दिवसाला चाळीस पानं होतात.”